वाईट पुस्तकांनाही जागा देणारे ग्रंथालय

ठाण्याला येणारा पाहुणा मासुंदा तलावावर फेरी मारतो, कोपिनेश्वराचे दर्शन घेतो आणि मामलेदारची मिसळ खाऊन लोकल पकडतो. स्टेशनच्या पश्चिमेला सुभाष पथावर असलेले मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्या यादीत सहसा नसते. ते असायला हवे, पण केवळ वयामुळे नव्हे. हे ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. निव्वळ वय पाहायचे तर रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) इथली वाचनालये त्याच्या कितीतरी आधीची. ठाण्याचे वेगळेपण त्याच्या हट्टात आहे. मराठीत जे जे छापले जाईल ते ते जमवायचे, असा हा हट्ट. त्यात चांगले-वाईट ही अट नव्हती, आणि माझ्या मते या संस्थेचे खरे मोल त्या नसलेल्या अटीत आहे.

आधीची बहुतेक वाचनालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने, इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकली-सवरलेली मंडळी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथे वृत्तपत्रे येत, इंग्रजी पुस्तके येत. मराठीची मोजदाद करणे हे त्यांचे काम नव्हते. ते काम सरकार मात्र करत होते. १८६७च्या कायद्याने छापखान्यांना प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत, आणि काही प्रती इंग्लंडला जात. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. आपल्या भाषेत काय छापले गेले याची अशी यादी परक्या राजधानीत तयार होत होती. पुढच्याच वर्षी विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी ठाण्यात हे ग्रंथसंग्रहालय काढले. भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे भावे ते हेच. महानुभाव पंथाचे वाङ्मय शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद राहिले होते. ते छापून लोकांपुढे आणण्यातही त्यांचा हात होता. जे रूढ मानले गेले तेवढेच वाचून वाङ्मयाचा इतिहास लिहिता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते आणि संग्रहाचे धोरणही त्याच समजुतीतून आलेले दिसते. मुंबईच्या मंडळींनी १८९८ मध्ये हाच कित्ता गिरवला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: म्हणजे रद्दी सांभाळायची? जुनी पंचांगे, बंद पडलेल्या क्रमिक पुस्तकांचे संच, कोणी न खेळलेली नाटके, दिवाळी अंकांचे गठ्ठे, मंडळांच्या स्मरणिका. जागा महाग, कागद आम्लाने पिवळा पडून तुकडे होणारा, वर कोकणपट्टीचा पावसाळा आणि वाळवी. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. उद्या कशाची गरज पडेल हे आज ठरवता येते, हे ते गृहीत. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये निघाली आणि लोक ती विसरले. स. गं. मालशे यांनी ती १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे मराठी स्त्रीविचाराच्या इतिहासाची सुरुवात कुठून धरायची याचा फेरविचार सुरू झाला. मधल्या नव्वदएक वर्षांत एखाद्या काटेकोर ग्रंथपालाला ते पुस्तक ‘कोणी मागत नाही’ म्हणून निकालात काढता आले असते. गावाच्या इतिहासाचेही तसेच. ठाण्यातून १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघत होते, ‘हिंदुपंच’ही इथलेच. तेव्हाच्या वाचकाच्या दृष्टीने दुसऱ्या दिवशी त्यांत पुडी बांधली तरी चालली असती. आज ठाण्याचे एकोणिसावे शतक लिहिणारा अभ्यासक गॅझेटियरपेक्षा अशा अंकांतल्या जाहिराती आणि भांडणे आधी शोधील.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता सगळे स्कॅन होते, मग इमारत कशाला? इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांची पहिली पाने जरा निरखून पाहावीत. त्यांतल्या अनेकांवर ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे’ असा शिक्का आणि ‘स्थळप्रत’ ही नोंद दिसते. स्थळप्रत म्हणजे घरी न देता जागेवरच वाचायची प्रत. ती कोणी घरी नेली नाही, म्हणून ती स्कॅनरखाली ठेवता आली. शिवाय एखादे पान फाटके वा पुसट निघाले, तर खात्री करायला मूळ प्रतीकडेच जावे लागते.

मग हे ग्रंथालय की वस्तुसंग्रहालय? देवघेवीच्या खिडकीवर ताजी कादंबरी मागणाऱ्या वर्गणीदाराला या सगळ्याशी काय घेणे? थेट काहीच नाही, आणि नसले तरी बिघडत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचे गणित असे, की रहस्यकथा नेणाऱ्याच्या वर्गणीतून कोणी न उघडलेल्या कपाटाचेही भाडे निघते. वाचकालाही त्याचा परतावा मिळतो. काय वाचू, असे विचारले तर खपाच्या आकड्यांवर चालणारे संकेतस्थळ या महिन्याचेच पुस्तक सुचवते. मुरलेला ग्रंथालय कर्मचारी चाळीस वर्षांपूर्वीचेही सुचवू शकतो, कारण ते त्याच्या मागच्या कपाटात असते. फक्त मराठीच का, असेही आजच्या बहुभाषी ठाण्यात विचारले जाते; पण सगळ्या भाषांतले सगळे जमवणे एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचे, आणि कुठे तरी रेघ मारल्याशिवाय ‘सगळे’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कर नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते, आणि वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना वजन असते. या हिशेबात १८८२ची एकमेव प्रत आणि गेल्या महिन्यात घेतलेली पाककृतींची पुस्तिका सारखीच भरते. दुर्मीळ स्थळप्रतींच्या जपणुकीसाठी वर्गवारीबाहेरचे वेगळे अनुदान असावे आणि त्यावर पहिला हक्क अशा संग्रहांचा असावा.