न्यूट्रॉन ताऱ्याची अंतर्रचना व वस्तुमान-त्रिज्या संबंध

न्यूट्रॉन तारा हा मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्याच्या अतिनवतारा स्फोटानंतर उरणारा अतिघन अवशेष होय. त्याचे वस्तुमान साधारणतः सूर्याच्या १.४ पट, तर त्रिज्या सुमारे १२ किलोमीटर असते. अंतर्भागातील घनता व दाब यांचा संबंध दर्शविणाऱ्या सूत्रास अवस्था समीकरण म्हणतात. प्रत्येक अवस्था समीकरणावरून वस्तुमान व त्रिज्या यांचा विशिष्ट आलेख मिळतो. त्यामुळे ही दोन मापे ज्ञात झाल्यास ताऱ्याच्या अंतर्भागातील द्रव्याचे स्वरूप उलगडू शकते.

अंतर्रचना

बाह्य कवचात अणुकेंद्रांची स्फटिकासारखी जाळी व इलेक्ट्रॉन असतात. त्याखाली अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन बाहेर पडू लागतात. गाभ्यात प्रामुख्याने न्यूट्रॉन आणि अल्प प्रमाणात प्रोटॉन व इलेक्ट्रॉन असतात. केंद्राजवळील घनता अणुकेंद्राच्या घनतेच्या कित्येक पट असते. तेथे हायपेरॉन किंवा मुक्त क्वार्क असतात काय, हा प्रश्न अनिर्णित आहे.

आकार व वस्तुमानावर परिणाम

घनतेबरोबर दाब वेगाने वाढत असेल, तर द्रव्यास ‘ताठर’ म्हणतात. असा तारा आकाराने मोठा असतो व अधिक वस्तुमान पेलू शकतो. हायपेरॉनसारखे नवे कण निर्माण झाल्यास दाब घटून द्रव्य ‘मृदू’ होते. त्रिज्या व कमाल वस्तुमान दोन्ही कमी होतात. कमाल मर्यादा ओलांडल्यास ताऱ्याचे कृष्णविवर बनते. १९३९ मध्ये ओपेनहायमर व व्होल्कॉफ यांनी न्यूट्रॉनांमधील परस्परबल विचारात न घेता ही मर्यादा सुमारे ०.७ सौर वस्तुमान काढली होती. प्रत्यक्षात आढळलेले तारे याहून बरेच जड आहेत, कारण अतिनिकट आलेल्या न्यूट्रॉनांमध्ये तीव्र प्रतिकर्षण असते.

निरीक्षणे

२०१० मध्ये पीएसआर जे१६१४-२२३० या पल्सारचे वस्तुमान सुमारे दोन सौर वस्तुमान असल्याचे आढळल्याने अतिमृदू प्रारूपे बाद झाली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदविल्या गेल्या. एकमेकांच्या ओढीने हे तारे फारसे ताणले गेले नव्हते. यावरून अतिताठर प्रारूपेही मागे पडली.

महाराष्ट्रातील संशोधन

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीद्वारे पल्सारांचा अभ्यास केला जातो. २००४ मध्ये तिच्या साहाय्याने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात, अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या पल्सारचा शोध लागला. अशा जोडताऱ्यांतील पल्सारचे वस्तुमान त्याच्या स्पंदांच्या आगमनवेळांवरून काढता येते. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या उभारणीस मंजुरी दिली. तिच्यामुळे अशा विलीनीकरणांचे आकाशातील स्थान अधिक अचूकपणे ठरविता येईल.