काचेच्या बरणीतील गिरिजेचे तपोवन

भाद्रपदाची चाहूल लागताच घराघरांतून मखराचा विषय निघू लागतो. गणरायासमोर हिरवाई हवी, ती दहाही दिवस टवटवीत दिसावी आणि तिचा खर्च सणाच्या महिन्यात झेपावा, एवढीच गृहिणीची अपेक्षा असते. पूर्वी ही हौस भेंडाची मखरे आणि कागदी फुले भागवीत. पुढे थर्माकोल आला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रात त्याची सजावटही बाद झाली. ती रिकामी जागा आता प्लास्टिकच्या वेलींनी व्यापली आहे. या वेली दिसतात छान. परंतु उत्तरपूजेच्या गडबडीत दूर्वा, हार आणि त्या वेली एकाच टोपलीत पडतात व निर्माल्य म्हणून एकत्रच बाहेर जातात. खऱ्या पानाचे खत होते. प्लास्टिकचे पान तसेच राहते आणि सोबतचे निर्माल्यही नासवते.

या अडचणीवर एक स्वस्त उपाय आमच्या घरी गेली काही वर्षे चालत आला आहे. तो म्हणजे काचेच्या बरणीत मांडलेली कृत्रिम वनस्पतींची बाग. ज्याला टेरेरियम म्हणतात, त्याचेच हे धाकटे भावंड.

मूळ टेरेरियम मात्र जिवंत रोपांचे. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे इवले रोप आणि थोडे गवत उगवले. लंडनच्या धुरकट हवेत त्याच्या अंगणात नेचे जगत नसत. बंद काचेत मात्र हे रोप तगले. मातीतून व पानांतून निघालेली वाफ काचेवर साचे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. याच तत्त्वावर बनविलेल्या पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधील चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे पाठविली. आपल्या सकाळच्या चहाचे त्या बाटलीशी असे दूरचे नाते आहे.

ही हकीकत वाचून पहिल्या वर्षी आम्हीही खरा नेचा आणि भिंतीवरचे शेवाळ बरणीत लावून ती मखरात ठेवली. तेथे ना सूर्यप्रकाश, ना वारा. वरून दिव्यांच्या माळेची ऊब. तिसऱ्या दिवशी काच आतून घामाने डबडबली आणि गौरीपूजनाच्या सकाळी पाहावे, तो पानांवर पांढरी बुरशी! हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. ती बरणी पदराआड झाकून बाहेर नेताना वाटलेली लाज अजून आठवते.

पुढच्या वर्षी कागदी पानांची बाग करावी असे मी सुचविले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवापुढे खोटी पाने मांडायची का?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मला वाटते, याचे उत्तर पूजा आणि आरास यांतील भेदात आहे. माका, बेल, शमी, आघाडा, डोरली, रुई, मरवा अशी जी एकवीस पत्री चतुर्थीला वाहावयाची, ती खरीच हवी. एखादी न मिळाल्यास तिच्या जागी दूर्वा अथवा अक्षता वाहाव्यात, कागदी पान कदापि नव्हे. आरास ही मात्र देवाच्या बैठकीची शोभा. भेंडाच्या मखरावरची फुले तरी कोठे वेलीवर उमलली होती? शिवाय बरणीचे झाकण हा भेद आपोआप राखते. आतले ते शोभेचे, बाहेरचे ते पूजेचे. आतले पान चुकूनही निर्माल्यात जात नाही. सासूबाईंना हे पटण्यास दोन दिवस लागले, आणि त्यांनी एक अट घातली: बरणीवर फूल वाहावयाचे नाही.

बरणी रुंद तोंडाची घ्यावी. हात आत गेला की निम्मे काम झाले. लोणच्याची रिकामी बरणी खाण्याचा सोडा घालून धुवावी व दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. वाळू धुऊन कढईत भाजून घ्यावी व पूर्ण निवू द्यावी. कृत्रिम बागेचा शत्रू ओलावाच आहे. किंचित दमटपणा राहिला तरी काच धुरकटते आणि कागदाचा रंग उतरतो. तळाशी बारीक खडी, तिच्यावर वाळू आणि वर गेरू मिसळलेली कोरडी माती असे थर कागदाच्या नरसाळ्यातून सोडावेत. तीन रंगांचे हे पट्टे बाहेरून फार शोभतात. माती मागच्या बाजूस उंच व पुढे उतरती ठेवावी.

हिरवळीसाठी लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवावा. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना ही युक्ती सांगावी लागत नाही. नेच्याचे पान करताना क्रेप कागदाची वीतभर पट्टी उभी दुमडून कडेला तिरप्या कात्र्या द्याव्यात आणि मध्ये कागद गुंडाळलेली बारीक तार चिकटवावी. तार वाकविली की पान झुकते. सुतळी उकलून रंगविली की गवत तयार. पण झाडांसाठी माझी पसंती वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीला आहे. ती रंगवून तिचे तुकडे सुकल्या डहाळीच्या फाट्यांवर बसविले, की दुरून हुबेहूब डेरेदार वृक्ष दिसतो. फेव्हिकॉलने चिकटविलेले सर्व काही रात्रभर बाहेर सुकू द्यावे, मगच बरणीत उतरवावे. उतरविण्यास विणकामाच्या दोन लांब सुया पुरतात. विकत घ्यावयाचे ते दोन ताव कागद, थोडी तार आणि रंगाची पुडी. सणाच्या दिवसांतल्या एका बऱ्याशा हाराहून हा खर्च अधिक होत नाही.

नुसती झाडे दाटीवाटीने भरली तर बरणी भाजीच्या टोपलीसारखी दिसते. एखादा प्रसंग योजावा. आम्ही जुन्नरजवळचे लेण्याद्री निवडले. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने तेथे तप केले अशी श्रद्धा आहे आणि म्हणूनच अष्टविनायकांपैकी तेथला गणपती गिरिजात्मज. गौरी-गणपतीच्या घरात याहून उचित देखावा कोणता? काळ्या दगडांच्या चिपांचा डोंगर रचला आणि अर्ध्या करवंटीची गुहा केली, कारण हे मंदिरही जुन्या बौद्ध लेण्यांतल्याच एका गुहेत आहे. पायथ्याशी आरशाचा तुकडा, कडा वाळूत बुजवून, कुकडी नदी म्हणून ठेवला. मोठी पाने पुढे व बारीक मागे लावल्याने वीतभर जागेत खोली भासते. बरणी समईपासून व निरांजनापासून हातभर दूर असावी. आत कागद आहे हे विसरू नये.

मूळ नक्षत्रावर गौरी निघाल्या, पुढे गणरायाचेही विसर्जन झाले, की बरणी पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटात जाते. उजेडात ठेवली तर रंग विटतात. चैत्रगौरीच्या आराशीत ती पुन्हा बाहेर येते. गतवर्षी सासूबाईंनीच सुचविले, की लेण्याद्रीला पायऱ्या हव्यात. आगपेटीच्या काड्यांची गुले तोडून त्या बसविल्या. परंतु वरच्या चार-पाच पायऱ्या अपुऱ्या राहून गुहेचे दार अंतरावर राहिले आहे. तेवढे काम यंदा हरितालिकेच्या आत उरकावयाचे आहे.