प्रक्षेपकावरील चित्रातील व्यत्यय

घरगुती चित्रगृहासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपकाच्या पडद्यावर मूळ चित्रसंदेशात नसलेले पट्टे, तिरप्या रेषा, छायाप्रतिमा, ठिपके किंवा कडांची थरथर दिसू लागल्यास त्यास चित्रातील व्यत्यय म्हणतात. येथे चित्र पुष्कळ मोठे केलेले असते व खोली काळोखी असते. त्यामुळे लहान दूरचित्रवाणी संचावर लक्षात न येणारा व्यत्ययही स्पष्ट दिसतो. प्रक्षेपक जुना असल्यास दोष त्याचाच, असे सहसा गृहीत धरले जाते. पुष्कळदा मात्र प्रक्षेपक सुस्थितीत असून व्यत्यय तारांतून, भूसंपर्कातून किंवा शेजारच्या उपकरणातून आलेला असतो. व्यत्ययाचा आकार व त्याची हालचाल यांवरून त्याचा उगम बहुतेक वेळा ओळखता येतो.

प्रक्षेपकांचे प्रकार : जुन्या घरगुती प्रक्षेपकांत लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र ऋण किरण नलिका असत. त्यानंतर द्रव स्फटिक पटलांचे प्रक्षेपक प्रचारात आले. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सूक्ष्म आरशांची चकती शोधून काढली व तिच्यावर आधारलेले प्रक्षेपक १९९६ पासून मिळू लागले. या सर्व प्रकारच्या जुन्या प्रक्षेपकांना सामान्यतः सदृश संदेश, म्हणजे ज्यात विद्युत् दाबाची सतत बदलणारी पातळी हीच प्रकाशाची पातळी दर्शविते असा संदेश, दिला जातो. या दाबात बाहेरून पडलेली थोडीशी भरही चित्राचा भाग म्हणूनच दाखविली जाते. अंकीय संदेश वाहणारी एचडीएमआय ही जोडणी २००२ च्या अखेरीस निश्चित झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक प्रक्षेपकांत ती नसते.

चित्र आणि काल : भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे असून सेकंदास ५० क्षेत्रे (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) रेखाटली जातात. एका ओळीस ६४ मायक्रोसेकंद लागतात व त्यांपैकी सु. ५२ मायक्रोसेकंदांत दृश्य भाग येतो. म्हणजे पडद्याची रुंदी ५२ मायक्रोसेकंदांची, तर उंची जवळजवळ १/५० सेकंदाची निदर्शक असते. यावरून एक सोपा नियम मिळतो : कमी कंप्रतेचा व्यत्यय आडव्या पट्ट्यांच्या रूपात व उच्च कंप्रतेचा व्यत्यय उभ्या किंवा तिरप्या रेषांच्या रूपात दिसतो.

आडवे पट्टे : विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने त्याच्यामुळे येणारा व्यत्यय एका क्षेत्रात एकदाच चढतो व उतरतो आणि पडद्यावर एक रुंद, अंधुक पट्टा दिसतो. पुरवठ्याची कंप्रता ४९·९५ हर्ट्‌झ झाल्यास हा पट्टा सु. २० सेकंदांत वरून खाली सरकत जातो. ती ५० हर्ट्‌झच्या वर गेल्यास तो उलट दिशेने सरकतो. अशा पट्ट्याचे नेहमीचे कारण म्हणजे भूसंपर्क वलय होय. प्रक्षेपक एका ठिकाणी तीन खिळींच्या गुडदीतून व चित्रसंदेशाचा स्रोत दुसऱ्या ठिकाणी केबलच्या बाह्य वेष्टनातून भूसंपर्कित असेल, तर या दोन ठिकाणांच्या विद्युत् दाबांतील फरकामुळे वेष्टनातून प्रवाह वाहतो. वेष्टनाचा रोध ०·५ ओहम व प्रवाह २० मिलिअँपिअर असल्यास ०·०१ व्होल्ट दाब निर्माण होतो. चित्रसंदेश सुमारे १ व्होल्टचा असल्याने ही भर एक टक्का होते व चित्राच्या काळ्या भागात ती जाणवते.

पट्टे दोन असतील, तर व्यत्यय १०० हर्ट्‌झचा असतो. पूर्ण तरंगाच्या एकदिशकारकानंतर दाब सपाट करणारे विद्युत् विच्छेद्य धारित्र कालांतराने सुकते व त्याची धारणक्षमता घटते. त्यामुळे १०० हर्ट्‌झचा चढउतार मागे राहतो. म्हणून एक पट्टा दिसल्यास प्रथम तारा व दोन पट्टे दिसल्यास प्रथम उपकरणाचा पुरवठा विभाग तपासणे योग्य ठरते. सेकंदास ५९·९४ क्षेत्रे असलेल्या एनटीएससी पद्धतीची तबकडी लावून आणखी एक पडताळा घेता येतो. मंदपणे सरकणारा एक पट्टा तशा चित्रात सेकंदास सु. १० वेळा धावू लागला, तर तो विद्युत् पुरवठ्यातूनच येत आहे हे निश्चित होते.

पट्टा न दिसता चित्राच्या उभ्या कडाच नागमोडी होत असतील, तर व्यत्यय प्रकाशपातळीत नसून समक्रमणात किंवा शलाकेच्या विचलनात असतो. ऋण किरण नलिकांच्या प्रक्षेपकाजवळ ठेवलेल्या रोहित्राचे चुंबकीय क्षेत्रही यास कारणीभूत होते. रोहित्र दूर नेताच ही थरथर कमी होते.

तिरप्या रेषा : रेडिओ प्रेषक किंवा स्विच पद्धतीचे पुरवठा संच यांच्या उच्च कंप्रतेच्या तरंगांमुळे बारीक रेषांची जाळी दिसते. रेषांची संख्या मोजल्यास कंप्रतेचा अंदाज येतो. १,००० किलोहर्ट्‌झचा तरंग ५२ मायक्रोसेकंदांत ५२ आवर्तने करतो. त्यामुळे २ मी. रुंद पडद्यावर सु. ४ सेंमी. अंतराने रेषा उमटतात. ओळींची कंप्रता १५,६२५ हर्ट्‌झ असून १,००० किलोहर्ट्‌झ ही तिची बरोबर ६४ पट असल्याने या रेषा उभ्या व स्थिर राहतात. कंप्रता १,००५ किलोहर्ट्‌झ झाल्यास प्रत्येक ओळीत रेषांचे स्थान बदलते व त्या तिरप्या होतात. दुहेरी वेष्टनाची केबल, कमी लांबी आणि केबलीभोवती बसविलेली फेराइटची कडी हे यावरील उपाय होत. रेषा एकाच रंगाच्या असतील, तर त्या रंगाची केबल किंवा विवर्धक सदोष असतो.

छायाप्रतिमा : चित्रसंदेशाच्या केबलीचा संरोध ७५ ओहम असतो. दोन्ही टोकांना तो जुळला नाही, तर संदेश परावर्तित होऊन पुन्हा प्रक्षेपकाकडे येतो व मूळ आकृतीच्या उजवीकडे तिची फिकट प्रतिमा दिसते. केबलीतून संदेशास दर मीटरला सु. ५ नॅनोसेकंद लागतात. १५ मी. केबलीत जाऊनयेऊन १५० नॅनोसेकंद उशीर होतो व २ मी. रुंद पडद्यावर छाया सु. ६ मिमी. सरकलेली दिसते. याउलट छायेच्या अंतरावरून केबलीचा कोणता भाग सदोष आहे, हे काढता येते. ध्वनीसाठी बनविलेली साधी तार चित्रासाठी वापरणे हे या दोषाचे एक नित्याचे कारण आहे.

ठिपके व स्थिर डाग : दिव्यांचा प्रकाश कमीजास्त करणारे नियंत्रक प्रत्येक अर्ध्या आवर्तनात प्रवाह एकदम सुरू करतात. त्यामुळे ठिपक्यांच्या दोन अरुंद आडव्या ओळी दिसतात. मिक्सरसारख्या उपकरणांतील चलित्रांच्या ठिणग्यांचे ठिपके मात्र विखुरलेले असतात. अंकीय जोडणीत पट्टे किंवा छाया न येता चमकणारे ठिपके दिसतात किंवा चित्र मधूनमधून नाहीसे होते. म्हणून मूळ स्रोत व जोडणी दोन्ही अंकीय असताना पट्टा दिसला, तर दोष प्रक्षेपकात शोधावा. स्रोत बदलला तरी जागा न सोडणारा डाग हा व्यत्यय नव्हे. धूळ, उष्णतेने खराब झालेले ध्रुवक पटल किंवा अडकलेला सूक्ष्म आरसा ही त्याची कारणे असतात.

दोष शोधण्याचा क्रम : सुटे भाग बदलण्यापूर्वी एकेक जोडणी सोडवून पाहावी. प्रथम सर्व चित्रतारा काढून प्रक्षेपकाचा अंतर्गत चाचणी आकृतिबंध पडद्यावर आणावा. त्यातही व्यत्यय असल्यास तो प्रक्षेपकातील अथवा त्याच्या पुरवठ्यातील असतो. चित्र स्वच्छ असल्यास विद्युत् घटावर चालणारा स्रोत जोडावा व नंतर इतर उपकरणे क्रमाने जोडत जावीत. ज्या जोडणीबरोबर व्यत्यय येतो ती सदोष होय. केबल दूरचित्रवाणीची तार सोडविताच पट्टा नाहीसा झाल्यास भूसंपर्क वलय सिद्ध होते. सर्व उपकरणे एकाच विद्युत् जोडणीवर आणणे, केबलीच्या मार्गात विलगक बसविणे किंवा चित्रसंदेशासाठी विलगन रोहित्र वापरणे हे उपाय करता येतात. उपग्रह तबकडीच्या केबलीतून तबकडीवरील विवर्धकासाठी १३ किंवा १८ व्होल्ट एकदिश दाब जात असल्याने तेथे असा विलगक चालत नाही. विलगन ग्राहक पेटीच्या पुढे, चित्रसंदेशाच्या मार्गात करावे लागते. चित्रतारा व पुरवठ्याच्या तारा समांतर नेऊ नयेत. त्या एकमेकींना ओलांडत असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

सुरक्षितता : पट्टा घालविण्यासाठी गुडदीची भूसंपर्क खीळ काढून टाकण्याचा किंवा तिची तार तोडण्याचा प्रकार सर्रास आढळतो. त्याने वलय तुटते व चित्र तत्काळ स्वच्छ होते, म्हणूनच तो अधिक घातक आहे. पुढे कधी प्रक्षेपकातील निरोधन निकामी झाल्यास धातूच्या कवचावर २३० व्होल्टचा दाब येतो. भूसंपर्क असता, तर मोठा प्रवाह वाहून वितळतार तुटली असती. तो नसल्याने हा दाब चित्रकेबलीच्या वेष्टनातून जोडलेल्या सर्व उपकरणांवर पसरतो व स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जातो. भारतीय गुडदीतील भूसंपर्क खीळ इतर दोहोंपेक्षा लांब व जाड ठेवलेली असते ती यासाठीच की, दाब येण्यापूर्वी भूसंपर्क जोडला जावा आणि सर्वांत शेवटी तुटावा. वलय तोडावयाचे ते नेहमी संदेशाच्या मार्गात, संरक्षणाच्या मार्गात कधीही नव्हे.

प्रक्षेपकाचे कवच उघडणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. ऋण किरण नलिकांना सु. ३० किलोव्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब दिलेला असतो आणि पुरवठा बंद केल्यावरही नलिका व धारित्रे काही काळ भारित राहतात. द्रव स्फटिक व सूक्ष्म आरशांच्या प्रक्षेपकांतील दिवा पेटविण्यासाठीही काही किलोव्होल्टचे स्पंद लागतात. वर वर्णिलेल्या चाचण्यांसाठी कवच उघडावे लागत नाही. तारा सोडविणे, पट्टे मोजणे व त्यांची हालचाल पाहणे एवढ्यावरून दोष प्रक्षेपकात आहे की बाहेर, हे बहुतेक वेळा ठरविता येते व अनेक चांगली उपकरणे अकाली मोडीत निघण्यापासून वाचतात.