शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांचे सहकार्य

शाळेचे ग्रंथालय व गावातील सार्वजनिक ग्रंथालय यांनी आपले ग्रंथ, जागा, वेळ व सेवक यांचा विद्यार्थ्यांच्या हितासाठी परस्परपूरक उपयोग करण्याची व्यवस्था. शालेय ग्रंथालय अभ्यासक्रमाशी निगडित असते व सुटीत बहुधा बंद राहते. सार्वजनिक ग्रंथालय सकाळी व सायंकाळी चालते. मात्र त्यातील बालविभाग पुष्कळदा लहान असतो आणि वर्गणीमुळे गरीब विद्यार्थी त्यापासून दूर राहतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हे या सहकार्याचे मूळ तत्त्व होय.

पूर्वपीठिका : शिक्षण व ग्रंथालय यांचा संबंध बडोदे संस्थानात स्पष्टपणे ओळखला गेला. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा सोडल्यावर वाचावयास काही न मिळाल्यास साक्षरता टिकत नाही, हे जाणून १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्याकडे ग्रंथालयांच्या उभारणीचे काम सोपविण्यात आले. खेड्यापाड्यांत पेट्यांतून ग्रंथ पाठविणारी फिरती ग्रंथालये हे त्या योजनेचे वैशिष्ट्य होते. पुढे मुदलियार आयोगाने (१९५२-५३) जेथे स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय नाही, तेथे शालेय ग्रंथालयाचा लाभ स्थानिक लोकांनाही द्यावा, अशी शिफारस केली.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अंमलात आला. राज्यातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवितात व त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते. मद्रासच्या १९४८ च्या अधिनियमाप्रमाणे ग्रंथालय-कराची तरतूद येथे नाही. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे, तर शाळा शालेय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे एकाच गावातील दोन ग्रंथालयांची तपासणी, अनुदान व हिशेब वेगवेगळे राहतात. त्यामुळे सहकार्य बहुधा मुख्याध्यापक व ग्रंथपाल यांच्या पुढाकारावरच अवलंबून असते.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील लोणंद हे पुणे–मिरज लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावी आसपासच्या खेड्यांतून येणारा विद्यार्थी शाळा सुटताच गाडी गाठतो. सायंकाळी उघडणारे वाचनालय त्याच्या उपयोगी पडत नाही. मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते. म्हणून ग्रंथ शाळेपर्यंत नेणे, हाच येथे व्यवहार्य मार्ग ठरतो. याच जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात घरांसारख्या जागांतूनही ग्रंथ वाचकांसाठी खुले करण्यात आले.

सहकार्याचे प्रकार : (१) सार्वजनिक ग्रंथालयाने वर्गास ठरावीक मुदतीसाठी ग्रंथपेटी देणे. (२) शाळेला संस्था-सभासद करून विद्यार्थ्यांस वैयक्तिक वर्गणीतून सूट देणे. (३) परीक्षेच्या काळात अभ्यासिका व सुटीत बालविभाग खुला ठेवणे. (४) महागडे कोश व संदर्भग्रंथ विचारविनिमयाने खरेदी करणे व संयुक्त सूची ठेवणे. (५) प्रकल्पाचा विषय शिक्षकाने ग्रंथपालास आगाऊ कळविणे. ही शेवटची बाब बिनखर्चाची, पण महत्त्वाची आहे. तशी सूचना नसल्यास एका विषयावरील एकुलता एक ग्रंथ पहिला विद्यार्थी घरी नेतो व इतरांना रिकाम्या हाताने परतावे लागते. सूचना असल्यास तो ग्रंथ तेथेच बसून वाचण्यासाठी राखून ठेवता येतो.

अडचणी व उपाय : ग्रंथ गहाळ झाल्यास भरपाई आपल्याकडून वसूल होईल, या भीतीने कपाटे कुलूपबंद ठेवण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे आढळते. देवघेवीची मुदत, जबाबदारी व अपेक्षित तूट यांविषयी दोन्ही संस्थांनी लेखी करार केल्यास ही भीती कमी होते. अनेक लहान शाळांत प्रशिक्षित ग्रंथपाल नसतो. तेथे एका शिक्षकास हे काम नेमून देऊन त्यासाठी वेळापत्रकात तासिका राखणे आवश्यक असते. शाळेत असतानाच वाचनालयाशी परिचय झालेला विद्यार्थी पुढे त्याचा प्रौढ सभासद होण्याचा संभव असतो. त्यामुळे हे सहकार्य सार्वजनिक ग्रंथालयाच्याही हिताचे ठरते.