सौंसरची छोटी लाईन

२०२३ मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात गेला. दोन्ही गावं संत्र्याची, दोन्हीकडे घरात मराठी. पण रेल्वेच्या बाबतीत त्यांचं नशीब शंभर वर्षं वेगळं राहिलं. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या लाईनवर. सौंसरच्या वाट्याला आली ती छोटी लाईन, आणि तिने या गावाला नागपूरशी असं बांधलं की १९५६ मध्ये राज्याची सीमा मध्ये आली तरी दवाखाना, बाजार आणि सोयरीक नागपूरकडेच राहिली.

बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर-छिंदवाडा हा सुमारे १५० किलोमीटरचा मार्ग १९१३ मध्ये सुरू केला. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाईनवरच्या १६७६ मिलिमीटरच्या हे निम्मंसुद्धा नाही. हे काटकसरीपोटी झालं, पण त्यामागे डोंगराची जाण होती. नागपूरपेक्षा छिंदवाडा साडेतीनशे मीटरहून अधिक उंचावर. सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना इथवर गाडी निवांत यायची. खरा घाट पुढे भिमालगोंदीकडे. अरुंद रुळांना डोंगराच्या कडेकडेने आखूड वळणं घेता येतात. खडक कमी फोडावा लागतो, भराव कमी घालावा लागतो, पूलही हलके चालतात.

सातपुड्यातल्या छोट्या लाईनींवर नावाजलेली इंजिनं सीसी वर्गाची, ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत घडलेली. पुढे वळण शोधणाऱ्या लहान चाकांच्या दोन जोड्या, मध्ये ओढणाऱ्या चाकांच्या तीन, आणि मागे भट्टीचं वजन पेलणारी एक. एवढ्या अरुंद रुळांवर एवढी ताकद बसवणं हे मोठं कसब होतं. पुढे डिझेल आलं, पण वेग फारसा वाढला नाही. डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. जामसावळीच्या हनुमानाला निघालेली माणसं, कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसं, सगळी त्याच बाकांवर.

गैरसोयही मोठी होती. मोठ्या लाईनवर पुढे जाणारा माल नागपूरला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. तेवढी मजुरी, तेवढा वेळ, तेवढी नासधूस. म्हणून ब्रॉडगेज हवंच होतं, यात मला शंका नाही. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर छोटी गाडी थांबली आणि २०२१ मध्ये छिंदवाड्याहून नागपूरच्या इतवारी स्टेशनपर्यंत मोठी गाडी धावू लागली.

जपणुकीचं काम मात्र गाडी थांबायच्या आधीच सुरू झालं होतं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडलं. इंजिन, डबे, कागदपत्रं, छायाचित्रं तिथे आहेत. मुलांसाठी छोटी गाडीही आहे. बहुतेक ठिकाणी आपण वस्तू गेल्यावर हळहळतो. मुंबईची दुमजली बस १९३७ पासून धावली; १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस निघाली तेव्हा कुठे ती जपण्याची मागणी जोरात झाली. यवतमाळच्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं; त्याची किंमत कळली ती ते थांबल्यावर.

तरीही संग्रहालयात इंजिन ठेवलं म्हणजे लाईन जपली असं होत नाही. भिमालगोंदीच्या चढावर पावसात चाकं घसरू लागली की काय करायचं, कोणत्या वळणावर शिट्टी द्यायची, हे लोखंडात राहत नाही. ते ड्रायव्हर, गार्ड, गँगमन, फाटकवाले यांच्याकडे असतं, आणि त्यातली बरीच माणसं आज म्हातारी झाली आहेत. सौंसर-पांढुर्ण्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी एक उन्हाळा काढून त्यांच्या आठवणी आवाजासकट नोंदवाव्यात. ज्यांच्या घरी छोट्या लाईनचं जुनं तिकीट, वेळापत्रक, कंदील किंवा फोटो असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. मोतीबागेच्या संग्रहालयाला दाखवावं.