कड्यांवरची फरशी

अमेरिकेतलं साधं राहतं घर आजही बहुतेक लाकडाचंच असतं. साधारण 16 इंचांच्या अंतरानं कड्या, कड्यांवर फळ्या किंवा प्लायवूड, आणि त्यावर काय पसरायचं ते. अशा जमिनीवर टाइल बसवणं हे मुळातच पेचाचं काम. लाकूड उन्हाळ्यातला दमटपणा पिऊन फुगतं, हिवाळ्यात घर तापवायला लागलं की आकसतं, आणि पायाखाली लवतं. टाइलला यातलं काहीच सोसत नाही. गेल्या शंभर वर्षांत या पेचाची उत्तरं अनेकदा बदलली. त्या सगळ्यांत मला एक धागा दिसतो: टाइलखालचा थर पातळ होत गेला आणि जुना जाड थर जी कामं मुकाट्यानं करायचा, ती एकेक करून कारागिराच्या गळ्यात पडली.

1920-30च्या घरांमधल्या न्हाणीघरांत छोट्या षटकोनी पांढऱ्या टाइल दिसतात. त्यांच्या खाली काय आहे हे फोडायला गेल्यावरच कळतं. तेव्हाचे सुतार कड्यांची वरची धार दोन्ही बाजूंनी तासून निमुळती करत, फळ्या कड्यांच्या वर न ठेवता मधल्या जागेत पट्ट्यांवर खाली बसवत आणि त्या खोबणीत कित्येक इंच काँक्रीट ओतत. वर टाइल. घण घातल्याशिवाय निघत नाही अशी ही जमीन. पण तासलेली कडी दुबळी होते, आणि त्याच कडीवर सगळं ओझं. अनेक जुनी न्हाणीघरं मधोमध खोलगट झालेली आढळतात ती त्यामुळं. तरी टाइल सहसा शाबूत असते, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पुढची पद्धत शहाणी होती. कड्या न कापता फळ्यांवर डांबरी कागद, त्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर सिमेंट-वाळूचा सव्वा इंचाचा थर. अमेरिकन कारागीर याला ‘मड जॉब’ म्हणतात. वजन चौरस फुटाला साधारण 15 पौंड. हा थर एका दमात तीन कामं करायचा. वाकडी जमीन सपाट व्हायची, भार पसरायचा, आणि कागदामुळं लाकडाची हालचाल खालच्या खाली राहायची. पण असा थर पट्टीनं ओढून एका पातळीत आणायला मुरलेला हात लागायचा, वेळही लागायचा.

1934मध्ये जेम्स नेविन यांनी पाण्याला टिकणारा डिंक शोधला आणि प्लायवूड बांधकामात रुजलं. 1956मध्ये हेन्री रॉथबर्ग यांनी सिमेंटात लॅटेक्स मिसळून पातळ थराचा मसाला काढला. टाइल कौन्सिल ऑफ अमेरिका या संस्थेचं कामही त्याच दशकात त्याच दिशेनं चाललं होतं. आता पाव इंचाहून कमी मसाल्यात टाइल बसू लागली. स्वस्त, हलकी, झटपट. मात्र लाकूड आणि टाइल यांच्यामधलं अंतर संपलं, आणि सांध्यांतून तडे यायला लागले. काहींनी आडवाट शोधली: फळ्यांवर जाळी ठोकायची आणि वरून मसाल्याचा नुसता हात फिरवायचा. ‘जर्सी मड जॉब’ हे त्याचं चालू नाव. नाव जुन्या पद्धतीचं, जाडी मात्र गायब. मला हा प्रकार कधीच पटला नाही.

मग सिमेंटचे बोर्ड आले, आणि त्यांच्यासोबत एक गैरसमज पसरला, तो आजही हटत नाही. अर्ध्या इंचाचा बोर्ड ठोकला की जमीन मजबूत झाली, असं घरमालकच नव्हे तर कंत्राटदारही मानतात. बोर्ड टाइलला धरायला चांगली पाठ देतो, ओलीनं फुगत नाही. लवणाऱ्या जमिनीला मात्र तो ताठ करत नाही. त्याच्याखालीही मसाला पसरावा लागतो. चिकटवण्यासाठी नव्हे, पोकळ्या भरण्यासाठी. हा मसाला वाचवला की वर्षा-दोन वर्षांत टाइल पोकळ वाजू लागते.

ताठपणा कड्यांतूनच यायला हवा. टाइलसाठी जमिनीनं भाराखाली आपल्या गाळ्याच्या, म्हणजे कडीच्या दोन टेकूंमधल्या अंतराच्या, 360व्या भागापेक्षा जास्त लवू नये, असा दंडक आहे. 12 फुटांच्या गाळ्याला हे 0.4 इंच होतात. नैसर्गिक दगड असेल तर याच्या निम्मे. कड्यांचं गणित जुळूनही दोन कड्यांच्या मधलं प्लायवूड लवतंच, म्हणून वर दुसरा थर देतात. त्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, तुकड्यांमध्ये फट ठेवायची, भिंतीलगत पाव इंच मोकळा सोडायचा. आणि स्क्रू खालच्या प्लायवूडमध्येच अडकवायचे, कड्यांत घुसवायचे नाहीत, म्हणजे कडी हलली तरी वरचा थर तिच्यामागं खेचला जात नाही.

1987मध्ये जर्मनीतले फरशी-कारागीर वेर्नर श्ल्यूटर यांनी ‘डिट्रा’ हा खाचाखाचांचा प्लास्टिक पट्टा बाजारात आणला. टाइल पट्ट्याला धरते, पट्टा लाकडाला धरतो, आणि खालची आडवी सरक मधल्या पोकळ खाचांत जिरते. डांबरी कागदाचं काम तीन-चार मिलिमीटरांत आलं. अशीच युक्ती आपल्याकडच्या वाड्यांतही होती: कडीपाटावर मातीचा जाड थर देऊन वर सारवत. लाकडाची हालचाल ती माती गिळायची, आणि भेग पडलीच तर पुढच्या सारवणात बुजून जायची. टाइलची भेग अशी बुजत नाही.

अलीकडं टाइल मोठ्या झाल्या, तशी सपाटपणाची अटही कडक झाली. 15 इंचांहून लांब बाजू असेल तर 10 फुटांत उंचसखलपणा 1/8 इंचाहून जास्त चालत नाही. लाकडी जमीन आपणहून इतकी सपाट क्वचितच असते, म्हणून आपोआप पसरणारा पातळ मसाला ओततात, आणि अनेकदा त्याच्याखाली पुन्हा जाळी ठोकतात. जुनी जमीन उखडताना मात्र घाई नको. 1980च्या आधीच्या घरांत नऊ इंची व्हायनिल लाद्या आणि त्यांच्याखालचा काळा डिंक दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासण्याआधी तपासणी करून घ्यावी.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आणखी एक प्रश्न असतो. आपल्याला बादली घेऊन आंघोळ करायची सवय, फरशीवर पाणी ओतून धुवायची सवय. इथल्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा ना उतार असतो ना मोरी. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत. ते झिरपून प्लायवूडच्या कडा फुगतात, मग कड्या कुजतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या लाकडी इमारतींतही मोरीखालच्या कड्या आधी कुजतात. बादलीची आंघोळ हवीच असेल तर ते टाइल निवडण्याआधी सांगावं, कारण उतार, निचऱ्याचा पाइप आणि जलरोधक थर हे सगळं टाइलच्या खालचं काम आहे. तो थर घातल्यावर निचरा बंद करून पाणी 24 तास तुंबवून ठेवतात. पातळी उतरली नाही तरच टाइलच्या पेट्या उघडायच्या.