पोरगं कमावतंय, मग वडिलांचा टॅक्स कमी होतो का?

आजचा प्रश्न सोलापूरकर पोरांच्या घरोघरी असतो. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, संध्याकाळी नवी पेठेत कापडाच्या दुकानात बसतं, नाहीतर घरात लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं डिझाईनचं काम करतं. वडील नोकरीला. मग वडील त्याला ‘डिपेंडंट’ दाखवून टॅक्स वाचवू शकतात का?

नाही. भारतात तशी सोयच नाही.

मग मोबाईलवर हे सगळीकडे दिसतं कसं? तर ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे असतात. तिकडे २४ वर्षांखालचा पूर्णवेळ विद्यार्थी कमावत असला, तरी स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च तो स्वतः उचलत नसेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर आईवडील त्याला रिटर्नमध्ये अवलंबून दाखवतात. तुमचा कुणी मामा न्यू जर्सीत असेल तर त्याला हे लागू. आपल्याकडे १८ पूर्ण झाले की तुमची कमाई तुमची, रिटर्न तुमचं, पॅन तुमचं. वडिलांच्या उत्पन्नात ती मिसळत नाही, आणि त्यांना त्यापोटी सूटही मिळत नाही.

१८ च्या आत असाल तर? बँकेतलं व्याज वगैरे आई किंवा वडील, ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या खात्यात धरतात. पण स्वतःच्या मेहनतीची किंवा कलेची कमाई धरत नाहीत. म्हणजे बारावीतल्या पोरानं युनिफॉर्मच्या कारखान्यात सुट्टीत काम करून पगार आणला, तर तो त्याचाच. त्याच पगाराची एफडी केली, तर व्याज मात्र वडिलांकडे जाणार. गंमत आहे, पण कायदा असाच आहे.

वडिलांना काहीच मिळत नाही असंही नाही. जुन्या करपद्धतीत ८०सी खाली दोन मुलांची ट्यूशन फी दाखवता येते, बाकी गुंतवणुकीसकट १,५०,००० रुपयांपर्यंत. फक्त ट्यूशन फी बरं का, डेव्हलपमेंट फी आणि डोनेशन नाही. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी स्वतः कर्ज घेतलं असेल तर त्याचं व्याज ८०ई खाली. ‘अवलंबून’ हा शब्द खरा आडवा येतो तो ८०डी मध्ये, म्हणजे आरोग्य विम्यात. तिथे अवलंबून असलेल्या मुलांचाच हप्ता चालतो. पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहिलं, की त्याच्या हप्त्याची वजावट वडिलांना घेता येत नाही.

आणि यातलं काहीच नव्या पद्धतीत नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत साधारण उत्पन्नाला करच लागत नाही. पगारदाराला ७५,००० ची वजावट वेगळी. वडिलांचा पगार ९ लाख असेल तर नव्या पद्धतीत त्यांचा कर तसाही शून्य. मग कशासाठी भांडायचं?

भांडायचं तर तुमच्या स्वतःच्या पैशासाठी. समजा कंपनी महिन्याला ८,००० देते आणि १० टक्के टीडीएस कापते. वर्षाला ९६,००० कमाई, ९,६०० कापले. तुमचा कर शून्य, म्हणजे हे ९,६०० तुमचेच. पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत! कित्येक पोरं ‘आपल्याला कुठं टॅक्स लागतोय’ म्हणून भरतच नाहीत. पॅन दिलं नसेल तर कपात २० टक्क्यांपर्यंत जाते, तेव्हा पॅन आधी द्या.

आयकराच्या साईटवर लॉगिन करून एआयएस उघडा, कुणी किती कापलं ते दिसेल. बँक खातं पडताळून घ्या, रिटर्न भरा आणि ३० दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न भरल्यासारखंच नाही. फ्रीलान्सची कमाई पगाराच्या फॉर्ममध्ये बसत नाही, तिथे बहुतेकांना आयटीआर-४ लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कलमांचे आकडे बदललेले दिसतील.

एक वेगळी गोष्ट. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे निराळं प्रकरण आहे. तिथे कुटुंबाचं उत्पन्न विचारतात, शाहू महाराज शिष्यवृत्तीला ८ लाखांची मर्यादा आहे. टॅक्स शून्य आला म्हणून तिथे उत्पन्नही शून्य लिहू नका.